आधी घोटा पाहा: एमडी, सेरोटोनिन आणि वऱ्हाडातला उन्हाळा

'एमडी' हा नशेच्या पावडरीचा शब्द आता नागपूरच्या बातम्यांपुरता राहिलेला नाही, तालुक्याच्या गावच्या पानठेल्यावरही तो कळतो. पण या शब्दात एक घोटाळा आहे आणि तो आधी सोडवायला हवा. एमडी म्हणजे एमडीएमए, म्हणजे एक्स्टसीची गोळी, असं पुष्कळजण धरून चालतात. शिकलेले लोकही. आपल्याकडे पुड्यांतून विकली जाणारी एमडी पावडर म्हणजे मेफेड्रोन. एमडीएमए जर्मनीत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत १९१२ साली तयार झालं. मेफेड्रोन पहिल्यांदा १९२९ साली बनवलं गेलं, ते खात नावाच्या आफ्रिकी झाडाच्या पाल्यात असणाऱ्या कॅथिनोनच्या जातकुळीतलं. भारतात एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या यादीत ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. रसायनं दोन, पण मेंदूत दोघांचा हात एकाच कोठारावर पडतो. त्या कोठाराचं नाव सेरोटोनिन, पेशींमध्ये संदेश नेणारं एक रसायन.

सेरोटोनिनला वर्तमानपत्रं 'आनंदाचं रसायन' म्हणतात. मला हे नाव मुळीच आवडत नाही, कारण त्यामुळे सगळा विषय मूडपुरता होऊन बसतो आणि अंगात आग भडकलेला पेशंट समोर असताना कुणाला सेरोटोनिन आठवत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला हा पदार्थ रक्ताच्या सीरममधून वेगळा काढला गेला, तो रक्तवाहिन्या आवळतो म्हणून. नावातला 'टोन' तिथून आला. त्याच्या आधीच इटलीत एर्स्पामर यांना तो आतड्याच्या पेशींत सापडला होता. आजही शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं. मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख, सगळ्या मानेच्या वर, मेंदूच्या देठात, राफे नावाच्या पुंजक्यांत. पण त्यांच्या फांद्या वर सगळ्या मेंदूभर आणि खाली मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातात. म्हणून झोप, भूक, मळमळ, अंगाचं तापमान, स्नायूंचा ताण, आतड्याची हालचाल या सगळ्यांत सेरोटोनिनचा हात आहे. ते प्रमाणाबाहेर झालं की खूण चेहऱ्यापेक्षा पायात आधी दिसते. त्याकडे पुढे येतो.

माल तयार कसा होतो ते पाहा. तूरडाळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल येतं, तोच सेरोटोनिनचा कच्चा माल. राफेच्या पेशीत एक एन्झाइम त्याच्यावर पहिली प्रक्रिया करतं, ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज. सगळ्या कारखान्याचा वेग याच एका यंत्रावर ठरतो. तयार सेरोटोनिन इवल्या पिशव्यांत भरून ठेवलं जातं. संदेश आला की थोडं बाहेर सुटतं, समोरच्या पेशीला लागतं, आणि मग सर्ट नावाचा वाहक ते पुन्हा आत ओढून घेतो. आत आल्यावर काही परत पिशवीत जातं, काहीची मोनोअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे माओ, विल्हेवाट लावतं. कणगीतून रोजचं पायलीभर काढायचं, उरलेलं परत टाकायचं, असा हा काटकसरीचा संसार. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे मेंदूला आपलं आपणच बनवावं लागतं.

उत्तेजक पदार्थ हा संसार वेगवेगळ्या तऱ्हेने मोडतात. कोकेन सर्टच्या तोंडाशी बोळा बसवतं. सुटलेलं परत जात नाही, पण नवीन काही बाहेर ओतलं जात नाही. मेथॅम्फेटामिनचा जोर मुख्यतः डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या दोन संदेशवाहक रसायनांवर असतो, सेरोटोनिनवर कमी. एमडीएमए आणि मेफेड्रोन मात्र सर्टच्या दारातून स्वतः आत शिरतात आणि वाहकाला उलटं फिरवतात. जो आत ओढायचा तो बाहेर फेकू लागतो. एमडीएमए तर आतल्या पिशव्याही रिकाम्या करायला लावतं. उंदरांच्या मेंदूत मोजमाप झालं तेव्हा मेफेड्रोननंतर डोपामिन सुमारे ५ पट आणि सेरोटोनिन सुमारे ९ पट चढलं. एमडीएमएने सेरोटोनिन तितकंच चढवलं, डोपामिन मात्र अडीच पटीच्या आतच. मेफेड्रोनची ओढ जास्त का, ते या आकड्यांत आहे. डोपामिन 'अजून पाहिजे' म्हणायला लावतं. शिवाय मेफेड्रोन रक्तातून लवकर उतरतं, निम्मं व्हायला साधारण २ तास लागतात, एमडीएमएला ८ ते ९. म्हणून मेफेड्रोन घेणारा एका रात्रीत चारदा, पाचदा ओढतो आणि प्रत्येक वेळी कोठारातून पुन्हा काढतो.

(खर्रा यात धरू नये. तंबाखूतलं निकोटिन उत्तेजक आहे, पण ते ॲसिटिलकोलीन या वेगळ्याच रसायनाच्या दारातून काम करतं. खर्ऱ्याचे धोके वेगळे आणि मोठे आहेत, पण ते तोंडाच्या कॅन्सरचे.)

मग रिकाम्या कणगीचं काय होतं? एमडीएमएनंतर दुहेरी मार बसतो. साठा तर संपतोच, वर ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज हे यंत्रही बंद पडतं. एन्झाइमवर रासायनिक घाव बसतो, ते दुरुस्त होत नाही, पेशीला ते नव्याने घडवावं लागतं. त्यामुळे नशा उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी मन बसतं, झोप उडते, जेवण नकोसं होतं, बारक्या गोष्टीवर रडू येतं. घरच्यांना वाटतं पोट्टा कुणाशी भांडून आला. बहुतेकांचं हे आठवड्याभरात सावरतं. वर्षानुवर्षं आणि भरपूर एमडीएमए घेणाऱ्यांच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये सर्टची संख्या कमी दिसते, आणि सोडल्यावर महिन्यांनी, काही वर्षांनी ती बऱ्यापैकी भरून येते. मेफेड्रोनच्या बाबतीत उंदरांवरचे निकाल एकसारखे नाहीत. काही प्रयोगांत टिकून राहणारी घट दिसली, काहींत नाही. या क्षेत्रात घाईने निष्कर्ष काढण्याची फार मोठी किंमत एकदा मोजली गेली आहे. एमडीएमए माकडांच्या डोपामिन पेशी मारतं असं सांगणारा २००२ सालचा एक गाजलेला शोधनिबंध पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला, कारण बाटल्यांवरची लेबलं बदलली होती आणि माकडांना प्रत्यक्षात मेथॅम्फेटामिन दिलं गेलं होतं. भीती घालण्यासाठी वाढवून सांगितलं की खरं सांगितलेलंही पोरं ऐकत नाहीत.

'दुसऱ्या दिवशी फाइव्ह-एचटीपीची कॅप्सूल घे, भरून निघतं' असा सल्ला मोबाइलवर फिरतो. फाइव्ह-एचटीपी म्हणजे ज्याचं पुढे सेरोटोनिन बनतं तो पदार्थ. तो पाळू नका. नशेचा अंश अंगात असताना किंवा डिप्रेशनची गोळी चालू असताना वरून कच्चा माल ओतणं म्हणजे आधीच भरून वाहणाऱ्या नाल्यात विहिरीचं पाणी सोडणं.

आता औषधांकडे येतो, कारण गावात खरी गाठ इथे पडते. आपल्या भागात डिप्रेशनच्या गोळ्या घेणारी घरं कमी नाहीत, आणि ती गोळी चालू असणं ही चांगलीच गोष्ट आहे. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या सर्टचं दार अडवतात. गोळी चालू असताना कुणी एमडीएमए घेतलं तर ते आत शिरूच शकत नाही, नशा नीट चढत नाही, आणि घेणारा 'माल खोटा आहे' म्हणून दुप्पट घेतो. सेरोटोनिन चढलं नाही तरी हृदयावरचा मार चढतोच. त्यात फ्लुओक्सेटिन यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम रोखतं, ज्याच्यावर एमडीएमएचा निचरा अवलंबून असतो, त्यामुळे रक्तातलं प्रमाण वाढत जातं. काहीजण याच्यावर उपाय म्हणून गोळी दोन दिवस बंद करतात. फ्लुओक्सेटिन आणि त्याचा अंश आठवडे अंगात राहतो. दोन दिवसांनी काही होत नाही, फक्त आजार उलटण्याची वाट मोकळी होते.

सगळ्यांत वाईट जोडी माओ रोखणाऱ्या औषधाची. एकीकडून सेरोटोनिन ओतलं जातंय आणि दुसरीकडे त्याची विल्हेवाट लावणारा हात बांधलेला. अशा जोडीने माणसं दगावली आहेत. 'आमच्याकडे माओवाल्या गोळ्या कोण घेतो?' असं वाटेल. लिनेझोलिड पाहा. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीत ते महिनोन्‌महिने चालतं, आणि ते सौम्य का होईना माओ रोखतं. तेव्हा टीबीच्या पेशंटला गोळ्या देताना नशेबद्दल आणि खोकल्याच्या औषधाबद्दल विचारलंच पाहिजे. हो, खोकल्याचं औषधही. कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन सेरोटोनिन वाढवतं. तसंच कंबरदुखीला मेडिकलमधून आणलेलं ट्रॅमाडॉल. ते २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे, तरी जुनी पाकिटं घरोघर पडलेली असतात. ट्रॅमाडॉलने फिट येण्याची शक्यताही वाढते, आणि उत्तेजकाबरोबर ती आणखी.

आणि मग आपलं ऊन. उंदराला एमडीएमए गार खोलीत दिलं तर त्याचं तापमान उतरतं, गरम खोलीत दिलं तर चढतं. आणि जितकं तापमान चढतं, तितकं मागाहून सेरोटोनिनचं नुकसान जास्त. त्या प्रयोगांतली 'गरम खोली' साधारण ३० अंशांची असते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता. चंद्रपूर-ब्रह्मपुरीला मे महिन्यात ४५ ही काही बातमी नसते. शरीरात काय होतं? सेरोटोनिन मज्जारज्जूतून स्नायू ताठरवतं, स्नायू उष्णता निर्माण करतात. नॉरॲड्रेनॅलिन कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतं, उष्णता बाहेर पडत नाही. थकवा जाणवत नाही. अशात लग्नाची वरात, दुपारचं ऊन, डीजेसमोर दोन-अडीच तास नाच, वरून दारू. विझवणारा कुणी नाही आणि चुलीत लाकडं घालणारे चार.

पाण्याचाही एक पेच आहे. सेरोटोनिनमुळे, विशेषतः एमडीएमएनंतर, व्हासोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं आणि किडनी पाणी धरून ठेवते. त्यात भीतीपोटी कुणी तांब्यावर तांब्या साधं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात, शेवटी फिट येते. बायकांमध्ये हा धोका जास्त. म्हणून शुद्धीत असलेल्याला घोट घोट ओआरएस द्या, एक पाकीट एक लिटर पाण्यात, आणि लोटेच्या लोटे पाजू नका. गुंगीत असलेल्याच्या तोंडात काहीच घालू नका.

आता तो पेशंट. विशीतला, तापलेला, घामाने निथळणारा, असंबद्ध बोलणारा, नाडी १४० ची. विदर्भातल्या ग्रामीण दवाखान्यात याला पहिलं नाव मिळतं 'ऊन लागलं', आणि कपाशीच्या हंगामात 'फवारणीची बाधा'. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण फवारणीची बाधा समजून तिच्यावरचं औषध ॲट्रोपिन चालू केलं आणि आत मेफेड्रोन निघालं, तर घाम बंद होतो, नाडी आणखी पळते आणि तापमान भडकतं. एवढ्यासाठी दोन मिनिटं थांबून पाहणं परवडतं. ऑर्गॅनोफॉस्फरस फवाऱ्याच्या बाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ आणि फेस येतो, छातीत घरघर असते. सेरोटोनिनच्या अतिरेकात बाहुल्या मोठ्या, छाती स्वच्छ, पोटात गुडगुड आणि पायांत ताठरपणा. धोत्र्याच्या बाधेत बाहुल्या मोठ्याच, पण कातडी कोरडी ठणठणीत आणि पोट गप्प. उन्हाच्या झटक्यात घामावर विसंबू नका, काम करताना कोसळलेला मजूर बऱ्याचदा घामेजलेलाच असतो.

घोटा मात्र सांगतो. पेशंटला उताणा झोपवा. एका हाताने गुडघा खालून उचलून जरा वाकवा, पाय सैल असू द्या. दुसऱ्या हाताने तळव्याचा पुढचा भाग धरा, पाऊल झटक्यात वर नडगीकडे ढकला आणि तसंच दाबून धरून ठेवा. सोडू नका. निरोगी माणसाचं पाऊल एखादा-दुसरा ठोका देऊन थांबतं. सेरोटोनिनच्या अतिरेकात ते तुमच्या हातात आपोआप खालीवर खालीवर उडत राहतं, शिवणयंत्राचं पायडल चालावं तसं, तुम्ही धरून आहात तोवर. याला क्लोनस म्हणतात. हाताच्या मनगटापेक्षा पायात तो ठळक असतो. डोळेही पाहा, बुबुळं आपोआप डावी-उजवीकडे झुलतात का. सेरोटोनिनचा अतिरेक ओळखण्याच्या २००३ च्या हंटर निकषांत हेच मध्यभागी आहे: सेरोटोनिन वाढवणारा पदार्थ घेतलेला आहे आणि क्लोनस आपोआप होतोय, किंवा करून दिसतोय व सोबत तगमग वा घाम आहे, किंवा थरथर आणि वाढलेले रिफ्लेक्स आहेत. एक सावधगिरी: पाय लाकडासारखे ताठ झाले असतील तर क्लोनस दबून जातो. तेव्हा तो नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, तो पेशंट जास्त गंभीर आहे.

दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांनी काय करायचं? सावली, कपडे काढणं, अंगावर ओला पंचा आणि त्यावर कूलरचा झोत. ४४ अंशांत नुसता पंखा गरम हवाच फेकतो, अंग ओलं असलं तरच तो कामाचा. काखेत, जांघेत, मानेला बर्फ. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण तो स्नायूंतून येतोय, मेंदूने ठरवलेला नाही. आणि दोरीने खाटेला बांधू नका. बांधलेला माणूस ताकदीने हिसके देतो, स्नायू आणखी तापतात, रक्तात आम्ल वाढतं, हृदय बंद पडू शकतं. चौघांनी धरून कुशीवर ठेवा आणि १०८ ला फोन करा.

आरोग्य केंद्रात पहिलं औषध बेंझोडायझेपिन, म्हणजे शांत करणाऱ्या, स्नायू सैल करणाऱ्या गटातलं. शीर मिळाली तर डायझेपाम ५ ते १० मिलिग्रॅम हळू, गरज पडेल तशी पुन्हा. शीर मिळत नसेल तर मिडाझोलाम स्नायूत. डायझेपाम स्नायूत दिलं तर ते बेभरवशाने शोषलं जातं. याने तगमग, ताठरपणा, नाडी, तापमान सगळंच खाली येतं. हॅलोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन ही मानसिक आजारांवरची औषधं टाळा, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा पेथिडिन तर मुळीच नको. ग्लुकोज तपासा, सलाइन लावा, लघवी चहाच्या रंगाची आहे का पाहा. असेल तर स्नायू विरघळून किडनी धोक्यात आली आहे आणि पोटॅशियम पाहायलाच हवं. ४१ च्या वर गेलेला पेशंट भूल देऊन, स्नायू सैल करून, व्हेंटिलेटरवर घ्यावा लागतो. तो लगेच मोठ्या रुग्णालयाचा पेशंट आहे, निरीक्षणाखाली ठेवायचा नाही.

उतारा म्हणावं असं औषध आपल्या मेडिकलच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून आहे, आणि बहुतेकांना ते फक्त पोराची भूक वाढवायचं म्हणून माहीत आहे. सायप्रोहेप्टाडिन. ते सेरोटोनिनचा २ए रिसेप्टर अडवतं, ज्याच्यामार्फत ताठरपणा आणि ताप येतो. मोठ्या माणसाला सुरुवातीला १२ मिलिग्रॅम, म्हणजे ४ च्या तीन गोळ्या, गिळता येत नसेल तर कुटून नळीतून. मग लक्षणं उतरेपर्यंत दर २ तासांनी २ मिलिग्रॅम. त्याने झोप येते आणि तोंड कोरडं पडतं. बेंझोडायझेपिन आणि गार करणं यांच्या जागी ते चालत नाही, त्यांच्या जोडीलाच द्यायचं. आणि धोत्र्याची शंका असेल तर नाही, कारण त्याचा गुण धोत्र्याच्याच दिशेचा आहे. हे डॉक्टरच्या हातचं औषध आहे, घरी देऊन वाट पाहायचं नाही.

बहुतेक पेशंट पदार्थ बंद झाल्यावर २४ तासांत सावरतात. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका. ॲम्फेटामिनच्या साध्या किटवर मेफेड्रोन बऱ्याचदा उमटतच नाही, निगेटिव्ह आलं म्हणून शंका सोडू नये. विचारणं हीच तपासणी. आईबापांना बाहेर बसवून मित्राला विचारा: काय घेतलं, कधी, किती वेळा, सोबत कुठली गोळी. पोलिसांच्या धाकाने मित्र पळून जातात, त्यांना आधीच सांगा की हे उपचारासाठी विचारतोय. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे. ही माहिती गावात फार थोड्यांना आहे. नंतरच्या बसलेल्या मनासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

रेफर करताना चिठ्ठीवर 'पॉयझनिंग, ॲडव्हाइस्ड हायर सेंटर' एवढंच लिहू नका. पदार्थाचं गावातलं नाव आणि संशयित नाव, शेवटचं घेतल्याची वेळ, चालू गोळ्या, बाहुल्या, काखेतलं तापमान आणि ते किती वाजता घेतलं, घोट्याचा क्लोनस आहे की नाही, दिलेलं डायझेपाम किती आणि कधी, ॲट्रोपिन दिलं असेल तर तेही. वाटेत कपडे ओले ठेवायचे हे ॲम्ब्युलन्सवाल्या दादांना तोंडी सांगा, आणि दोन बाटल्या गार पाणी सोबत चढवा.